दहा–सातची रात्र : मार्क सेल्बीच्या पिछाडीवरील विजयांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी स्नूकरविषयी आलेली बहुतेक पत्रे एकाच खेळाडूभोवती फिरत असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. काही पत्रे लांब होती. त्यांतील प्रश्नाचा भाग तेवढा येथे दिला आहे.

प्रश्न (नाशिक) : इंग्लंडच्या मार्क सेल्बीने अंतिम सामन्यांत पिछाडीवरून जसे विजय मिळवले तसे दुसऱ्या कोणीही मिळवलेले नाहीत, असे आमच्या क्लबातील एक ज्येष्ठ खेळाडू ठामपणे सांगतात. आम्ही तरुण मंडळी हे मान्य करत नाही. त्यांचे म्हणणे कितपत खरे आहे?

उत्तर : पिछाडी कशाला म्हणायचे हे आधी ठरवावे लागेल, कारण अंतिम सामन्याची पहिली फ्रेम (सामन्यातील एक डाव) हरलेला खेळाडूही काही मिनिटे पिछाडीवरच असतो. म्हणून मी दोन गोष्टी पाहतो. खेळाडू सर्वांत मागे होता तेव्हा अंतर किती फ्रेमचे होते, ही एक. आणि त्या क्षणी सामन्यात जास्तीत जास्त किती फ्रेम शिल्लक होत्या व त्यांपैकी किती जिंकणे त्याला भाग होते, ही दुसरी. पहिल्या गोष्टीने डोळे दिपतात, पण खरी अडचण दुसरीत कळते.

सेल्बीचे चार सामने या दोन्ही कसोट्यांवर उतरतात. २००८ मध्ये न्यूपोर्टला झालेल्या वेल्श ओपनच्या अंतिम सामन्यात तो रॉनी ओ'सलिव्हनविरुद्ध ५–८ असा मागे होता. नऊ फ्रेम जिंकणारा विजेता ठरणार होता, म्हणजे ओ'सलिव्हनला एकच फ्रेम हवी होती. सेल्बीने उरलेल्या चारही फ्रेम जिंकल्या आणि मानांकन गुण देणाऱ्या स्पर्धेतील आपले पहिले विजेतेपद ९–८ असे मिळवले. दोन वर्षांनी, २०१० च्या मास्टर्स स्पर्धेत, लंडनच्या वेम्ब्ली अरीनामध्ये प्रतिस्पर्धी तोच होता आणि अवस्थाही जवळजवळ तीच होती. ६–९ अशी पिछाडी, दहा फ्रेमचे लक्ष्य, ओ'सलिव्हनला पुन्हा एकच फ्रेम हवी. आणि सेल्बीने पुन्हा सलग चार फ्रेम घेऊन सामना १०–९ असा जिंकला. एका खेळाडूला, तेही ओ'सलिव्हनसारख्याला, दोन वर्षांच्या अंतराने दोनदा एकाच उंबरठ्यावर अडवून धरण्याचे हे उदाहरण मला फार विलक्षण वाटते.

उरलेले दोन सामने जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे, शेफील्डच्या क्रुसिबल नाट्यगृहातले. २०१४ मध्ये सेल्बी ओ'सलिव्हनविरुद्ध ५–१० असा मागे होता आणि तेथून तो १८–१४ असा जिंकला. ओ'सलिव्हन त्याआधी पाच वेळा जागतिक अंतिम सामना खेळला होता आणि पाचही वेळा जिंकला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पराभवाचे वजन कळते. २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या जॉन हिगिन्सने १०–४ अशी आघाडी घेतली होती. तो सामना सेल्बीने १८–१५ असा जिंकून आपले विजेतेपद राखले. पहिल्या सामन्यात पिछाडीच्या त्या टोकावरून पुढच्या १७ फ्रेमपैकी १३ सेल्बीच्या आहेत आणि दुसऱ्यात १९ पैकी १४.

आता आपल्या वादाचा निकाल. जागतिक स्पर्धा १९७७ पासून क्रुसिबलमध्ये खेळली जाते. तेव्हापासूनच्या अंतिम सामन्यांत पाच किंवा अधिक फ्रेमची पिछाडी भरून काढून विजेते झालेले इतरही आहेत : १९८५ मध्ये डेनिस टेलर ०–८ वरून, १९९२ मध्ये स्टीफन हेंड्री ८–१४ वरून, २००० मध्ये मार्क विल्यम्स मॅथ्यू स्टीव्हन्सविरुद्ध ७–१३ वरून, आणि २००४ मध्ये खुद्द ओ'सलिव्हन ग्रॅमी डॉटविरुद्ध ०–५ वरून. परंतु हे दोनदा करणारा सेल्बीखेरीज दुसरा विजेता मला आढळत नाही. त्यामुळे आपल्या ज्येष्ठ मित्रांचे म्हणणे जागतिक अंतिम सामन्यांपुरते मी मान्य करीन. सर्व स्पर्धा धरल्या तर मात्र पॉल हंटर आणि हेंड्री या दोन नावांना उत्तर द्यावे लागते, आणि ते पुढच्या एका पत्रात येतेच.

प्रश्न (कोल्हापूर) : २०१४ आणि २०१७ या दोन्ही वर्षी पहिल्या दिवसाचा खेळ संपला तेव्हा गुणफलक सेल्बीच्या विरुद्ध १०–७ असाच होता, असे वाचनात आले. हा निव्वळ योगायोग समजावा का? रात्रीच्या विश्रांतीचा एवढा परिणाम होतो का?

उत्तर : आपण अगदी नेमक्या जागेवर बोट ठेवले आहे. १०–७ हा आकडा दोनदा यावा हा योगायोगच, पण त्या आकड्यापर्यंत सेल्बी ज्या रीतीने पोहोचला ती रीत मात्र योगायोगाची नव्हती.

जागतिक अंतिम सामना ३५ फ्रेमचा असतो, म्हणजे १८ फ्रेम जिंकणारा विजेता ठरतो. हा सामना दोन दिवसांत आणि चार सत्रांत खेळला जातो. पहिल्या दिवशी दोन सत्रांत मिळून १७ फ्रेम होतात आणि दुसऱ्या दिवसासाठी जास्तीत जास्त १८ उरतात. २०१४ मध्ये ५–१० असा मागे असताना सेल्बीने पहिल्या दिवसाच्या शेवटच्या दोन फ्रेम जिंकल्या. २०१७ मध्ये ४–१० असा मागे असताना त्याने शेवटच्या तीन जिंकल्या. दोन्ही वेळा झोपायला जाताना अंतर तीनवर आले होते.

कसोटी क्रिकेट पाहणाऱ्या वाचकाला हे चटकन उमगेल : दिवसाच्या शेवटच्या अर्ध्या तासात पडलेले दोन बळी दुसऱ्या दिवसाच्या सकाळचे सगळे चित्र बदलून टाकतात. स्नूकरमध्ये तर हा परिणाम अधिक तीव्र असतो, कारण प्रतिस्पर्धी टेबलावर असताना खेळाडूला खुर्चीत बसून पाहण्याखेरीज काहीच करता येत नाही. १०–४ अशा आघाडीवर असलेला हिगिन्स १२–५ किंवा ११–६ अशा गुणफलकाची अपेक्षा करत असणार. त्याऐवजी तीन फ्रेम हातच्या सुटल्याची आठवण घेऊन तो हॉटेलवर गेला. सेल्बीचा हिशेबही बदलला. १०–४ या क्षणी त्याला उरलेल्या जास्तीत जास्त २१ फ्रेमपैकी १४ जिंकाव्या लागणार होत्या, म्हणजे प्रत्येक तीनपैकी दोन. १०–७ झाल्यावर १८ पैकी ११ पुरेशा होत्या. हा हिशेब सोपा नाही, पण तो माणसाच्या आवाक्यात येतो. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या सत्रात त्याने सातपैकी सहा फ्रेम घेतल्या आणि १३–११ अशी आघाडी मिळवली.

हा केवळ सेल्बीचा गुण नाही, तर खेळाच्या रचनेतच असलेली वाट आहे, हे दाखवणारी आणखी दोन उदाहरणे देतो. २०११ च्या जागतिक अंतिम सामन्यात २१ वर्षांचा जड ट्रम्प पहिल्या दिवसाअखेर १०–७ असा पुढे होता आणि जॉन हिगिन्सने तो सामना १८–१५ असा जिंकला. सहा वर्षांनी त्याच आकड्याच्या दुसऱ्या बाजूला आपण असू, हे हिगिन्सला तेव्हा कसे ठाऊक असणार? १९९२ चा सामना तर या दृष्टीने पुन्हा पुन्हा अभ्यासावा असा आहे. जिमी व्हाइट १४–८ असा पुढे होता. तिसरे सत्र संपायला दोन फ्रेम उरल्या होत्या आणि त्या दोन्ही हेंड्रीने घेतल्या. शेवटच्या सत्राला गुणफलक १४–१० असा होता आणि व्हाइटला त्यानंतर एकही फ्रेम मिळाली नाही. हेंड्रीने एकूण सलग दहा फ्रेम जिंकल्या आणि सामना १८–१४ असा संपला. त्या दहा फ्रेमपैकी लोकांच्या लक्षात शेवटच्या आठ राहतात. माझ्या मते सामना फिरला तो पहिल्या दोनमध्ये.

प्रश्न (डोंबिवली) : मी महाविद्यालयीन स्पर्धांत खेळतो. दोन-तीन फ्रेमनी मागे पडलो की मी घाईघाईने लांबचे पॉट (चेंडू खिशात घालण्याचे फटके) मारू लागतो आणि आणखी मागे पडतो. सेल्बी अशा वेळी नेमके काय करतो?

उत्तर : आपण करता त्याच्या बरोबर उलट. मागे पडलेल्या खेळाडूला वाटते की आता गुण लवकर जमवले पाहिजेत, म्हणून तो अर्ध्या शक्यतेचे फटके घेतो. त्यांतील एखादा लागतो, पण जो हुकतो तो प्रतिस्पर्ध्याला मोकळे टेबल देऊन जातो. आघाडीवरच्या खेळाडूला नेमके हेच हवे असते, कारण त्याचा हात चाललेला असतो.

सेल्बी अशा वेळी फ्रेम अवघड करतो. पांढरा चेंडू टेबलाच्या खालच्या कुशनला (कडेच्या रबरी पट्टीला) चिकटवून ठेवणे, लाल चेंडूंचा पुंजका न फोडता एखादा लाल बाजूच्या कुशनवर नेऊन बसवणे, काळा किंवा गुलाबी चेंडू त्याच्या जागेवरून हलवून अशा ठिकाणी ठेवणे की सलग मोठा ब्रेक (टेबलावरच्या एका पाळीत जमवलेले गुण) कोणालाच रचता येऊ नये, ही त्याची हत्यारे आहेत. टेबल असे विस्कटले की फ्रेम एका पाळीत जिंकता येत नाही. ती वीस-वीस, तीस-तीस गुणांच्या तुकड्यांत जिंकावी लागते. ओ'सलिव्हनसारखा लयीत खेळणारा खेळाडू अशा फ्रेममध्ये हळूहळू आपली लय हरवतो. २०१४ च्या अंतिम सामन्यात दुसऱ्या दिवशी नेमके हेच घडले. ओ'सलिव्हन त्या दिवशी वाईट खेळला असे म्हणणे सोपे आहे, पण त्याला चांगले खेळता येईल असे टेबल मिळू दिले गेले नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

मात्र यावरून सेल्बी केवळ बचाव करणारा खेळाडू आहे असे समजू नका. कारकिर्दीत त्याच्या नावावर सातशेहून अधिक शतकी ब्रेक आहेत, आणि जागतिक अंतिम सामन्यात १४७ गुणांचा सर्वोच्च ब्रेक करणारा पहिला खेळाडूही तोच आहे. संधी खरी आहे की फसवी, हे ओळखण्याची त्याची नजर पिछाडीवर असतानाही बदलत नाही. आपल्याला सरावाची एक गोष्ट सुचवतो. मित्राबरोबर खेळताना मुद्दाम प्रतिस्पर्ध्याला ४० गुणांची आघाडी देऊन फ्रेम सुरू करा आणि पॉट होण्याची खात्री नसेल तर पॉटचा प्रयत्न करायचाच नाही असा स्वतःवर नियम घाला. सुरुवातीला कंटाळा येईल. पण ४० गुणांची पिछाडी म्हणजे टेबलावरचे फार थोडे गुण आहेत, हे हाताला कळू लागेल.

प्रश्न (पुणे) : क्षमा असावी, परंतु याला खेळ म्हणायचे का? समोरच्याला खेळूच द्यायचे नाही, फ्रेम तास-तास लांबवायची, आणि तो वैतागला की जिंकायचे! सेल्बीचे सामने पाहताना मला तरी आनंद होत नाही.

उत्तर : आपल्या नाराजीत आपण एकटे नाही. ओ'सलिव्हननेच सेल्बीला ‘छळणारा’ या अर्थाचे टोपणनाव दिले होते, आणि ते आजवर टिकले आहे. लांबलेल्या फ्रेमविषयीही आपले म्हणणे निराधार नाही. २०१६ च्या जागतिक स्पर्धेतील उपांत्य सामन्यात सेल्बी आणि मार्को फू यांची एक फ्रेम ७६ मिनिटे चालली होती, आणि २०२२ मध्ये सेल्बी व यान बिंगताओ यांच्या सामन्यातील एका फ्रेमला तर तब्बल ८५ मिनिटे लागली.

तरीही मी आपल्याशी सहमत नाही. विनाकारण वेळ काढणाऱ्याला ताकीद देण्याचा अधिकार पंचांना आहे. सेल्बी जे करतो ते वेळकाढूपणात मोडत नाही. तो फटक्यापूर्वी विचार करतो आणि असा फटका घेतो की समोरच्यालाही विचार करावा लागावा. सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा फटका मिळू नये असा बचावाचा खेळ, हा स्नूकरचा अर्धा भाग आहे, आणि समोरच्याला अडवून ठेवण्याच्या क्रियेलाही ‘स्नूकर’ असेच म्हणतात. शिवाय ८५ मिनिटांच्या फ्रेमला दोन्ही खेळाडू जबाबदार असतात, आणि तो सामना सेल्बी १०–१३ असा हरला होता, हेही सांगितले पाहिजे. लांबण लावल्याने विजय मिळतो असा नियम असता तर तो दरवर्षी जिंकला असता.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. सेल्बीच्या या चिकाटीमुळे त्याचे मन पोलादी आहे असे सर्रास लिहिले जाते. सोळाव्या वर्षी कर्करोगाने वडील गेले, त्याच सुमारास तो व्यावसायिक खेळाडू झाला आणि पुढची कित्येक वर्षे फारसे यश नव्हते, हे तपशील त्या कथेत छान बसतात. परंतु जानेवारी २०२२ मध्ये, चार जागतिक विजेतेपदे मिळाल्यानंतर, त्यानेच आपण नैराश्याशी झगडत असल्याचे आणि मदत घेणार असल्याचे जाहीरपणे सांगितले. टेबलावर दाखवलेला धीर आणि माणसाच्या आत चाललेली घालमेल या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्याने हे मोकळेपणाने बोलून दाखवले, याबद्दल मला त्याच्याविषयी १८–१५ च्या विजयाइतकाच आदर वाटतो.

प्रश्न (मडगाव) : पिछाडीवरून जिंकणारा म्हटले की माझ्या पिढीला पॉल हंटर आठवतो. त्याच्याविषयी आज फारसे कोणी लिहीत नाही. त्याचे स्थान आपण कोठे लावाल? आणि एकाच सामन्यापुरता विचार केला तर सर्वांत अवघड पुनरागमन कोणते?

उत्तर : आपण हे नाव काढलेत याचा फार आनंद झाला. इंग्लंडमधील लीड्सच्या या खेळाडूने मास्टर्स स्पर्धा तीन वेळा जिंकली, २००१, २००२ आणि २००४ मध्ये. तिन्ही अंतिम सामने १०–९ असे संपले, आणि तिन्हींमध्ये तो मोठ्या पिछाडीवर होता. पहिल्यात फर्गल ओब्रायनविरुद्ध ३–७, दुसऱ्यात मार्क विल्यम्सविरुद्ध ०–५, तिसऱ्यात ओ'सलिव्हनविरुद्ध २–७. एखाद्याला असे एकदा साधले तर आपण नशिबाला श्रेय देतो. त्याच स्पर्धेत, त्याच वेम्ब्लीत, चार वर्षांत तीनदा साधले तर ते त्या खेळाडूचे लक्षण मानावे लागते.

हंटरची रीत सेल्बीहून अगदी वेगळी होती. पिछाडीवर तो टेबल विस्कटत नसे, उलट अधिक मोकळा खेळत असे. २००१ च्या अंतिम सामन्यात दुसऱ्या सत्रात त्याने सहा फ्रेममध्ये चार शतकी ब्रेक केले. त्या दिवसाच्या मध्यंतराविषयी इंग्रजी वृत्तपत्रांनी इतके चटकदार लिहिले की हे चार ब्रेक त्याखाली झाकले गेले, याची मला आजही हळहळ वाटते. २००४ च्या अंतिम सामन्यात त्याने पाच शतके केली. २–७ अशा अवस्थेतून त्याला जास्तीत जास्त दहा फ्रेमपैकी आठ हव्या होत्या, आणि समोर ओ'सलिव्हन होता. तिन्ही वेळा निर्णायक १९ वी फ्रेम त्याने जिंकली. सेल्बी समोरच्याचा खेळ बिघडवून परत येतो. हंटर स्वतःचा खेळ उंचावून परत येत असे. पाहणाऱ्याचा जीव कोणत्या रीतीत अधिक रमेल हे सांगायला नको.

२००५ मध्ये त्याला कर्करोग झाल्याचे निदान झाले. उपचार चालू असतानाही तो स्पर्धांत उतरत राहिला. ९ ऑक्टोबर २००६ रोजी, अठ्ठाविसाव्या वाढदिवसाला पाच दिवस उरले असताना, त्याचे निधन झाले. २०१६ मध्ये मास्टर्सच्या करंडकाला त्याचे नाव देण्यात आले. एका स्पर्धेपुरते बोलायचे तर पिछाडीवरून जिंकण्यात त्याच्या जवळपास कोणी नाही, आणि सेल्बीच्या चाहत्यांनीही हे मोकळ्या मनाने कबूल करावे.

सर्वांत अवघड एकच सामना विचाराल तर माझे मत हेंड्रीच्या १९९१ च्या मास्टर्स अंतिम सामन्याकडे जाते. माइक हॅलेट पहिल्या सत्रानंतर ७–० आणि पुढे ८–२ असा पुढे होता. नऊ फ्रेमचे लक्ष्य होते. याचा अर्थ उरलेल्या सातपैकी सातही फ्रेम हेंड्रीला हव्या होत्या, एकही चूक परवडणार नव्हती. आणि त्याने त्या सातही घेतल्या. टेलरचा १९८५ चा सामना अधिक प्रसिद्ध आहे, आणि का असू नये? ०–८ अशी सुरुवात, १५–१७ वरून १७–१७, आणि शेवटच्या फ्रेममध्ये ४४–६२ अशी पिछाडी असताना फक्त तपकिरी, निळा, गुलाबी व काळा हे चार चेंडू शिल्लक. त्या चार चेंडूंचे मिळून २२ गुण होतात, म्हणजे टेलरला चारही हवे होते. त्यांतील एकही स्टीव्ह डेव्हिसने पॉट केला असता तर विजेता तो ठरला असता. मध्यरात्र उलटून गेल्यावर शेवटचा काळा चेंडू पडला तेव्हा ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक दूरचित्रवाणीसमोर बसलेले होते. तरीही ०–८ या क्षणी टेलरजवळ आणखी २७ फ्रेम होत्या. हॅलेटविरुद्ध हेंड्रीजवळ फक्त सात होत्या.

प्रश्न (सोलापूर) : ज्यांच्याविरुद्ध अशी पुनरागमने होतात त्यांचे पुढे काय होते? त्यांच्याविषयी कोणीच बोलत नाही.

उत्तर : काहीजण त्यातून शिकतात, काहींना ते जन्मभर सलते. डेव्हिसचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. एप्रिल १९८५ मध्ये तो टेलरकडून हरला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस यूके चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात विली थॉर्नविरुद्ध ८–१३ असा मागे पडला. थॉर्नला १४–८ करण्यासाठी एक साधा निळा चेंडू पॉट करायचा होता. तो हुकला. डेव्हिसने पुढच्या नऊपैकी आठ फ्रेम जिंकल्या आणि सामना १६–१४ असा घेतला. डेव्हिस त्याआधी १९८३ मध्ये याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ७–० अशा आघाडीवरून ॲलेक्स हिगिन्सकडून १५–१६ असा हरला होता. म्हणजे दोन वर्षांत दोन मोठ्या आघाड्या गमावलेल्या माणसाने तिसऱ्या वेळी दुसऱ्याची आघाडी मोडून काढली. थॉर्न लेस्टरचा, आणि सेल्बीही लेस्टरचाच. थॉर्नच्या भावाने आपल्या क्लबात पोरवयातील सेल्बीला सरावासाठी टेबल दिले होते.

वेल्सच्या मॅथ्यू स्टीव्हन्सची कथा मात्र हुरहूर लावणारी आहे. २००० मध्ये तो जागतिक अंतिम सामन्यात १३–७ असा पुढे होता आणि १६–१८ असा हरला. २००५ मध्ये १०–६ असा पुढे होता आणि बावीस वर्षांच्या शॉन मर्फीकडून पुन्हा १६–१८ असाच हरला. तो हंटरचा जिवलग मित्र होता. जागतिक विजेतेपद त्याला मिळाले नाही.

प्रश्न (नागपूर) : सेल्बीची पिछाडी कधी भरून निघाली नाही असे झाले आहे का?

उत्तर : अर्थातच, आणि असे दोन सामने त्याच्या विजयांइतकेच सांगण्यासारखे आहेत. २००७ मध्ये तो पहिल्यांदा जागतिक अंतिम सामन्यात पोहोचला तेव्हा जॉन हिगिन्सविरुद्ध पहिल्या दिवसाअखेर ४–१२ असा मागे होता. दुसऱ्या दिवशी त्याने गुणफलक १३–१४ पर्यंत आणला. शेवटी मध्यरात्रीनंतर तो १३–१८ असा हरला, पण जगाने त्याची ओळख त्या दिवशी करून घेतली.

दुसरा सामना २०२३ चा, बेल्जियमच्या ल्युका ब्रेसेलविरुद्ध. वर उल्लेख केलेला १४७ चा ब्रेक याच सामन्यातला. ब्रेसेल १६–१० असा पुढे गेला आणि सेल्बीने सलग पाच फ्रेम घेऊन १५–१६ केले. येथवर सगळे ओळखीच्या वाटेने चालले होते. परंतु ब्रेसेल स्वतःच त्या स्पर्धेत उपांत्य सामन्यात सी जियाहुईविरुद्ध ५–१४ अशा अवस्थेतून सलग अकरा फ्रेम घेऊन १७–१५ असा जिंकून आला होता. पिछाडी भरून काढणाऱ्याला आतून काय वाटत असते हे त्याला ताजे ठाऊक होते. बहुधा म्हणूनच तो गडबडला नाही. त्याने पुढच्या दोन फ्रेम धाडसाने खेळून घेतल्या आणि १८–१५ असा जिंकला.

प्रश्न (सातारा) : या सर्वांपैकी एकच सामना पाहायचा असेल तर कोणता पाहावा?

उत्तर : स्नूकर नवे असेल तर हंटरचा २००४ चा अंतिम सामना पाहा, कारण त्यात डोळ्यांना सुख आहे. खेळाची थोडी ओळख असेल तर सेल्बी–हिगिन्स २०१७ पाहा. पण शेवटापासून नव्हे, तर पहिल्या दिवशी गुणफलक १०–४ असतो तेथून सुरू करा आणि त्या रात्रीच्या तीन फ्रेम पूर्ण पाहा. दुसऱ्या दिवशी ३१ व्या फ्रेमकडेही लक्ष ठेवा. सेल्बी १६–१४ असा पुढे असताना त्याचा पांढरा चेंडू काळ्याला लागलाच नाही, म्हणजे फाउल झाला, असा निर्णय पंच यान व्हर्हास यांनी दिला. चित्रण पुन्हा पाहूनही काहीच स्पष्ट होत नव्हते. ती फ्रेम हिगिन्सने जिंकली आणि १६–१५ झाले. त्यानंतरच्या दोन फ्रेम सेल्बीच्या आहेत.